पोचपावतीवर सही कुणाची?

सराफाच्या दुकानात चोरी झाली की बातमीच्या शेवटी एक ठरलेलं वाक्य असतं: 'जाताना चोरट्यांनी सीसीटीव्हीचा डीव्हीआरही नेला.' कॅमेरे चालू असतात, रेकॉर्डिंगही झालेलं असतं. पण ते ज्या डब्यात साठतं तो डबा गल्ल्याच्या शेजारीच ठेवलेला. सर्व्हरमध्ये घुसलेला चोरही असंच करतो. काम उरकलं की आपल्या येण्याजाण्याच्या नोंदी पुसतो.

या नोंदी म्हणजे लॉग. तुम्ही ऑनलाइन तिकीट काढता तेव्हा पलीकडचं वेब ॲप्लिकेशन एकेक ओळ लिहीत असतं: कोण आलं, काय मागितलं, कुठे अडलं. हा शब्द जहाजावरचा. गाठी मारलेल्या दोरीला लाकडाची फळी बांधून ती पाण्यात टाकायची, ठरावीक वेळात किती गाठी हातातून सरकल्या ते मोजायचं आणि वहीत मांडायचं. ती फळी म्हणजे लॉग, आणि जहाजाचा वेग आजही गाठींतच, म्हणजे नॉटमध्ये, सांगतात.

नोंद घटनास्थळापासून दूर हवी, हे क्लिफर्ड स्टॉल या खगोलशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये फार गमतीशीर पद्धतीने दाखवून दिलं. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत संगणक वापराच्या हिशेबात ७५ सेंटचा फरक येत होता. शोध घेता घेता घुसखोर सापडला, आणि तोही यंत्राचे सर्वाधिकार मिळवलेला. म्हणजे त्या यंत्राने स्वतः लिहिलेल्या नोंदींवर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही. स्टॉलने इकडून तिकडून प्रिंटर गोळा केले आणि बाहेरून येणाऱ्या लाइनींना जोडले. घुसखोराची प्रत्येक कळ कागदावर उमटू लागली. पश्चिम जर्मनीत बसून कागद खोडता येत नाही!

आज प्रिंटरच्या जागी दुसरा सर्व्हर असतो. ओळ लिहिली की ती तिकडे पाठवायची. पाठवण्याची सगळ्यांत जुनी आणि अजून ठणठणीत रीत म्हणजे सिसलॉग. एरिक ऑलमनने ती १९८० च्या दशकात बर्कलेत, आपल्या सेंडमेल या ईमेल प्रणालीसाठी तयार केली. तिची ओळ देवनागरीत मांडली तर साधारण अशी दिसते:

<१३१>ऑक्टो १२ ०२:१४:०७ वेब२ पेमेंट: डेटाबेसशी जोडणी तुटली

सुरुवातीच्या १३१ मध्ये दोन आकडे दडलेत. ८ ने भागा: भागाकार १६, बाकी ३. सोळा म्हणजे नोंद कुठल्या विभागाची, तीन म्हणजे किती गंभीर (शून्य म्हणजे हाहाकार, सात म्हणजे किरकोळ बडबड). आजोबा एकूण पैशांना चाराने भागून आणे काढायचे, तोच हिशेब. आणि या जुन्या साच्यात वर्ष नाही, हे लक्षात आलं का? २००९ च्या नव्या मानकात ते आलं.

आता माझ्या आवडीचा भाग. ओळ तिकडे पोहोचली, हे कळतं कसं?

सिसलॉग मुळात यूडीपी या नेटवर्कवरून माहिती पाठवण्याच्या साध्या रीतीने, ५१४ क्रमांकाच्या पोर्टवर (म्हणजे सर्व्हरच्या त्या क्रमांकाच्या दारावर) पाठवतात. हे म्हणजे पोस्टकार्ड. पेटीत टाकलं की आपला संबंध संपला, हरवलं तरी पत्ता नाही. मग लोक म्हणतात, टीसीपी ही दुसरी रीत वापरा, त्यात पोचपावती असते. असते, पण ती कोण देतं? सोसायटीच्या गेटवर वॉचमन पार्सल घेतो आणि सही करतो. कुरिअरवाल्याच्या लेखी 'डिलिव्हर्ड'. पार्सल तुमच्या घरात आलेलं नसतं. टीसीपीची पावती अशी वॉचमनची असते. ती पलीकडची ऑपरेटिंग सिस्टिम देते. लॉग लिहून घेणारा प्रोग्रॅम तेवढ्यात कोसळला, तर पावती आहे आणि नोंद नाही.

आपल्या बाजूलाही वॉचमन आहेच. ॲप्लिकेशन ओळ 'पाठवतं' म्हणजे खरं तर आपल्या यंत्राच्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, ठेवतं, आणि लगेच 'झालं' असं उत्तर मिळतं. समजा, लॉग सर्व्हर मध्येच बंद पडून पुन्हा सुरू झाला. त्याला जुनी जोडणी आठवत नाही. आपण पहिली ओळ टाकतो, उत्तर येतं 'झालं'. ती पलीकडे जाते, तिथून 'कोण तुम्ही?' असा नकार येतो, आणि ओळ कचऱ्यात. हा नकार आपल्याला कधी कळतो? दुसरी ओळ पाठवायला गेल्यावर. मग शहाणा प्रोग्रॅम नवी जोडणी करतो, दुसरी ओळ नीट पोहोचवतो आणि खुशीत पुढे जातो. पहिली कायमची गेली, कुठे एका शब्दाची तक्रार नाही. नेमका सर्व्हर पडला त्या क्षणाच्या ओळी गायब, म्हणजे ज्या हव्या होत्या त्याच!

आरसिसलॉग हा सिसलॉगच्या ओळी पाठवणारा आणि घेणारा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या रायनर गेरहार्ड्‌सने यासाठी रेल्प नावाचा वेगळा प्रोटोकॉल, म्हणजे देवाणघेवाणीची नियमावली, केला. त्यात प्रत्येक संदेशाला क्रमांक असतो. घेणारा प्रोग्रॅम स्वतः 'अमुक क्रमांक मिळाला' असं कळवतो, तोपर्यंत पाठवणारा प्रत जपून ठेवतो. सही आता घरमालकाची. यातही एक खोच आहे: पावतीच वाटेत हरवली तर ओळ दोनदा जाते. चालेल. रोजमेळात दुबार पडलेली नोंद खोडता येते, न पडलेली आणता येत नाही.

प्रती जपायच्या म्हणजे जागा लागते. एका ठिकाणी आम्ही या जपलेल्या प्रतींची रांग फक्त मेमरीत ठेवली होती आणि ती भरली की थांबायचं, असं सांगितलं होतं. एका रात्री लॉग सर्व्हरची डिस्क भरली. रांग तुंबली. ॲप्लिकेशन प्रत्येक ओळीपाशी वाट बघत उभं राहिलं, आणि हिशेबनीस आजारी म्हणून दुकानच बंद, अशी गत झाली. रांग डिस्कवर ठेवा, आणि ती भरल्यावर आधी काय टाकायचं ते आजच ठरवा.

त्या रात्री पहिला सल्ला आला तो अर्थात 'रीस्टार्ट मारा'. आमच्या धंद्यातली ही अंधश्रद्धा लिंबू-मिरचीच्या तोडीची आहे. लिंबू-मिरची निदान पुरावा नष्ट करत नाही. रीस्टार्टने मेमरीतली ती सगळी रांग पुसली गेली.

कायद्याचंही सांगून टाकतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपावे लागतात, आणि सर्व्हरांची घड्याळं एनआयसी (सरकारचं राष्ट्रीय माहितीशास्त्र केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवावी लागतात. दोन सर्व्हरांच्या घड्याळांत चार सेकंदांचा फरक असला तर चोर आधी बाहेर पडला आणि मग आत आला, असं दिसतं. आणि लॉगमध्ये पासवर्ड लिहू नका. २०१८ मध्ये ट्विटरचे पासवर्ड असेच अंतर्गत लॉगमध्ये उघडे सापडले होते, आणि ३३ कोटी वापरकर्त्यांना ते बदलायला सांगावं लागलं.

मी नवी जोडणी केली की १ ते १००० आकडे एकेका ओळीत पाठवायला लावतो आणि मध्येच केबल उपटतो. तेवढ्यात लॉग सर्व्हर रीस्टार्ट करतो (इथे चालतं), केबल लावतो आणि पलीकडची फाइल उघडतो. मागच्या खेपेला, साध्या टीसीपीवर, ४१२ नंतरची ओळ ४१९ होती. कुठेही एरर नव्हती.