खरं विमान म्हणजे योकच? एक खुलासा

“खरे पायलट योकच (स्टिअरिंगसारखं, ओढता-फिरवता येणारं हँडल) धरतात, जॉयस्टिक म्हणजे खेळणं.” घरी संगणकावर फ्लाइट सिम्युलेटर उडवणाऱ्यांत हा समज वर्षानुवर्षं फिरतोय, आणि तो चुकीचा आहे. सेसना १७२ किंवा बोइंग ७३७ मध्ये योक असतो, हे खरं. पण १९८८ पासून प्रवासी सेवेत असलेल्या एअरबस ए३२० मध्ये साइडस्टिक, म्हणजे बाजूला बसवलेली जॉयस्टिकसारखी दांडी, असते. एफ-१६ या लढाऊ विमानातही तीच. तेव्हा आधी ठरवा, तुम्ही जास्त काय उडवता.

योकच हवा असेल तर नुसत्या दिसण्यावर जाऊ नका. तो मधल्या स्थितीत असताना अगदी किंचित ओढून पाहा. तिथे अडखळून मग एकदम सुटत असेल, तर लँडिंगच्या वेळी विमानाचं नाक वर-खाली डोलत राहणार, आणि तुम्ही मात्र स्वतःच्या हाताला दोष देत बसणार! एकूण ९० अंश फिरणाऱ्या योकपेक्षा १८० अंश फिरणाऱ्यावर बारीक दुरुस्त्या सोप्या जातात. हॉल सेन्सर (चुंबकाच्या साहाय्याने हालचाल मोजणारा) असेल तर उत्तम, त्यात घासून झिजणारा संपर्क नसतो. टेबलाला धरणारा क्लॅम्पही घट्ट हवा. रडर पेडल्स (नाक डावी-उजवीकडे वळवणारे पायातले पेडल) बहुधा वेगळे घ्यावे लागतात; त्यांचे पैसे आधीच बाजूला काढा.