गुडघ्याची झीज आणि पाण्यातला व्यायाम: नव्या सभासद महिलांसाठी माहितीपत्रक

या व्यायामासाठी पोहता यावं लागत नाही. सगळा वेळ पाय तळाला टेकलेले असतात, डोकं पाण्याबाहेर असतं आणि कठडा हाताच्या अंतरावर असतो. पाण्याची भीती वाटत असेल तर पहिल्याच दिवशी सांगा. पहिले दोन वर्ग कठडा न सोडता करता येतात.

खोली किती असावी?

पाणी कमरेपर्यंत असलं की पायांवर शरीराचं साधारण निम्मं वजन उरतं. छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत आलं की जेमतेम तीस टक्के. म्हणजे ६० किलो वजनाच्या बाईच्या पायांवर साधारण १८ किलो. चालायला लागल्यावर हा भार थोडा वाढतो, तरी जमिनीपेक्षा खूप कमीच राहतो. म्हणून सुरुवात छातीभर पाण्यात आणि गुडघा तयार होईल तसं कमरेच्या पाण्याकडे यायचं. खांद्यापर्यंत पाण्यात जाऊन अधिक आराम मिळेल असं वाटतं, पण तिथे पाय तळावरून सुटतात, तोल जातो आणि स्नायूंना नीट काम मिळत नाही.

पाणी ३० अंश सेल्सिअसच्या आसपास हवं. थंड पाण्यात स्नायू आखडतात, तर फार गरम पाण्यात लवकर थकवा येतो.

वेग हा खरा भार

पाणी वजन हलकं करतं, पण हालचालीला विरोध करतं. वेग दुप्पट केला की विरोध साधारण चौपट होतो. त्यामुळे वजनं बांधायची गरज नाही. पाय हळू हलवला की व्यायाम हलका, जोरात हलवला की जड. घोटाळाही इथेच होतो. पाण्यात दुखत नाही म्हणून पाय जोरजोरात मारले जातात आणि संध्याकाळी गुडघा सुजतो.

वर्गात काय करायचं

पहिली पाच-सात मिनिटं चालणं: पुढे, मागे, मग आडवं. पुढे चालताना टाच आधी टेकवा, मग तळवा, शेवटी बोटं. शरीर तरंगतं म्हणून पुष्कळजणी नकळत चवड्यांवर, गुडघे वाकवून आणि पुढे झुकून चालतात. मग पोटऱ्या भरून येतात आणि गुडघा सरळ होण्याचा सराव राहून जातो. पावलागणिक टाच टेकल्याचं तळव्याला जाणवलं पाहिजे.

त्यानंतर भिंतीला पाठ टेकवून एक मांडी वर उचला. तीन मोजेपर्यंत गुडघा सरळ करा, तीन मोजेपर्यंत वाकवा. प्रत्येक पायाने १०. मांडीच्या पुढच्या स्नायूचं हे मुख्य काम आहे. गुडघ्याच्या दुखण्यात तोच आधी ढिला पडतो आणि तो ढिला पडला की चालताना बसणारे हिसके थेट सांध्यावर येतात. मग कठडा धरून अर्ध्याहून कमी बसक्या, ८ ते १०. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहू द्या, आत झुकू देऊ नका. पाय बाजूला उचलताना धड दुसरीकडे कलत असेल, तर कमरेचा स्नायू काम चुकवतोय असं समजा. पाय कमी उचला, पण धड ताठ ठेवा. शेवटी एका पायावर १० सेकंद उभं राहणं आणि पोटरीचा ताण, ३० सेकंद.

बेडकासारखा पाय मारायचा नाही. त्या हालचालीत गुडघ्याच्या आतल्या बाजूला पीळ पडतो.

पहिला वर्ग २० मिनिटांचा, पुढे ४० ते ४५, आठवड्यातून दोन-तीनदा. नाडीवरून दमणूक मोजू नका. पाण्याच्या दाबाने पायांतलं रक्त छातीकडे सरकतं आणि ठोके जमिनीपेक्षा कमी भरतात. सलग पूर्ण वाक्य बोलता येईल एवढाच दम लागू द्या. याच दाबामुळे लघवीची भावना होते, म्हणून आधी जाऊन या.

बाहेर येताना घाई नको

पायरीगणिक वजन परत येतं आणि थकलेल्या गुडघ्याला ते एकदम जाणवतं. कठडा धरा. चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. शेवटच्या पायरीवर अर्धा मिनिट थांबा. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर नक्कीच थांबा, कारण पाण्याचा दाब सुटला की चक्कर येऊ शकते.

दोन तासांनी गुडघा वर्गाआधीपेक्षा जास्त दुखत असेल किंवा दुसऱ्या दिवशी सूज असेल, तर पुढच्या वेळी आधी वेग कमी करा, मग संख्या. स्नायू एक-दोन दिवस दुखले तर मात्र हरकत नाही.

कोणी थांबावं

ताप, जुलाब, उघडी जखम, लघवीचा किंवा त्वचेचा संसर्ग असेल तर बरं होईपर्यंत पाण्यात उतरू नका. हृदयविकार, फिट येणं, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल तर डॉक्टरांची लेखी परवानगी आणा. मधुमेहात पायाची संवेदना कमी झाली असेल तर ओल्या, मऊ पडलेल्या तळव्याला ओरखडा उठला तरी कळत नाही. पाण्यातले बूट घालाच आणि घरी गेल्यावर तळवे पाहा.

किती फरक पडेल

कॉक्रेन ही संस्था एकाच विषयावरचे अनेक वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासते. पाण्यातल्या व्यायामावरच्या तिच्या २०१६ च्या आढाव्यात १३ अभ्यास आणि ११९० रुग्ण होते, त्यांत बहुतेक स्त्रिया. वेदना आणि हालचालीत थोडा, पण खरा फायदा दिसला. तो काही आठवड्यांच्या नियमित व्यायामाने येतो आणि व्यायाम सोडला की ओसरतो. झिजलेली कूर्चा (सांध्यातल्या हाडांवरचं गुळगुळीत आवरण) पाण्यातल्या व्यायामाने भरून येत नाही, स्नायूंची ताकद वाढते. पाणी हाडांवरचा भारही कमी करतं, म्हणून हाडांसाठी जमिनीवरचं चालणं आणि खुर्चीतून उठण्या-बसण्याचा व्यायाम सोडू नका.

पहिल्या दिवशी घट्ट बसणारे रबरी तळव्याचे बूट, अंगाबरोबरचे पोहण्याचे कपडे (ढगळ कपडे पाणी ओढतात), टॉवेल, पिण्याचं पाणी आणि चालू औषधांची यादी आणा. दहा मिनिटं आधी या. तुमच्या उंचीनुसार उभं राहायची जागा कठड्यावर खूण करून ठरवू.