अभ्यासिका बघितलीत, ग्रंथालय बघितलंत का?

प्रवेशाच्या दिवसांत पालक कॉलेज बघायला येतात, तेव्हा आमच्या मजल्यावर त्यांना फिरवायचं काम माझ्याकडे असतं, कारण मी ग्रंथपाल. मागच्या वर्षी एका मुलीच्या वडिलांनी दारातच विचारलं, "मॅडम, लायब्ररीला एसी आहे ना? किती वाजेपर्यंत उघडी असते?" मी वेळ सांगितली. त्यांनी खुर्च्यांवरून नजर फिरवली, भिंतीतले प्लग बघितले, मान डोलावली आणि निघाले. त्यांनी बघितली ती अभ्यासिका. ग्रंथालयाचं दार तिच्या पलीकडच्या टोकाला आहे, तिथवर कुणी आलंच नाही.

दोष त्यांचा नाही. शब्दच एक झालाय. पुण्याच्या पेठांमध्ये स्पर्धा परीक्षांची मुलं मेस लावतात तशी 'लायब्ररी लावतात'. महिन्याचे पैसे, ठरलेली खुर्ची, डोक्यावर पंखा. पुस्तकं ज्याची त्यानं आणायची. ही झाली अभ्यासिका. तिला मी नावं ठेवणार नाही. दोन खोल्यांत सहा माणसं राहतात त्या घरातल्या मुलाला ती खुर्ची काय मोलाची असते, हे मी रोज बघते. परीक्षा जवळ आली की आमच्याकडेही मुलं सकाळी सातलाच सॅक ठेवून जागा धरतात, आणि त्यावरून होणारी भांडणं मलाच सोडवावी लागतात.

पण अभ्यासिकेत तुम्ही सॅकमधून जे नेलंत, त्यावरच दिवस काढायचा असतो.

ग्रंथालयात काय होतं ते सांगते. पहिल्या वर्षाचा एक मुलगा भारतीय अर्थव्यवस्थेवरचं गाइड मागायला आला. गाइड बाहेर गेलेलं. मी त्याला कपाटाशी नेलं आणि पुस्तकाच्या पाठीवरची चिठ्ठी दाखवली: ३३०.९५४. पुस्तकं विषयवार आकड्यांनी लावायची पद्धत म्हणजे ड्युई दशांश वर्गीकरण. त्यात ३३० म्हणजे अर्थशास्त्र. पुढचा ९ म्हणजे एखाद्या प्रदेशाची आर्थिक स्थिती आणि ५४ म्हणजे भारत. त्या फळीवर त्याच विषयाची आणखी पुस्तकं ओळीनं होतीच. दोन पावलं पुढे ३३२, पैसा आणि बँका. आणखी पुढे ३३८.१, शेतीचं अर्थकारण. पोराच्या घरी कांदा पिकतो. तो तिथंच उकिडवा बसला आणि शेतमालाच्या भावांवरचं एक पुस्तक चाळायला लागला. गाइडची आठवण त्याला थेट आठवड्यानं झाली.

(१८७६ साली अमेरिकेत निघालेल्या या पद्धतीत इंग्रजी कादंबरीचं ८२३ मध्ये भागतं, मराठी कादंबरीला मात्र ८९१.४६३ एवढी लांबण लागते. रोज चिठ्ठ्या चिकटवणाऱ्या माणसाला हा अन्याय जाणवतो.)

पण काही कॉलेजांत कपाटं कुलूपबंद असतात. खिडकीतून चिठ्ठी सरकवायची, आतून पुस्तक येईल किंवा 'नाही' येईल. तिथं त्या मुलाला नुसतं 'नाही' मिळालं असतं. म्हणून कॉलेज बघायला गेलात की एसीच्या आधी विचारा: विद्यार्थ्यांना कपाटांपर्यंत जाऊ देतात का? मुक्तप्रवेश आहे का?

दुसरा घोटाळा वायफायचा. "वायफाय आहे का?" हा प्रश्न अभ्यासिकेचा. ग्रंथालयाला विचारायचं ते हे: एन-लिस्टचं लॉगिन विद्यार्थ्यांना मिळतं का? ऑनलाइन नियतकालिकं आणि पुस्तकं वाचायला देणारी, गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या ग्रंथालयांसाठीच्या केंद्राची ही योजना खास कॉलेजांसाठी आहे. कॉलेज वर्गणी भरून सभासद होतं आणि विद्यार्थ्याला स्वतःचा पासवर्ड मिळतो. सहा हजारांवर नियतकालिकं आणि लाखांच्या घरात ई-पुस्तकं त्यावर उघडतात, तीही गावी सुट्टीत घरी बसून. सरकारी संस्थांमध्ये १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही संशोधन नियतकालिकांची केंद्र सरकारी योजनाही आहे. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं त्यात येतात. नुसत्या वायफायवर हीच पानं उघडायला गेलात तर बऱ्याच ठिकाणी पैसे मागणारी पाटी येते. गंमत म्हणजे कॉलेजनं वर्गणी भरलेली असते आणि मुलांना पत्ताच नसतो. आमच्याकडेही कित्येक जण तिसऱ्या वर्षी प्रोजेक्ट गळ्याशी आल्यावर पासवर्ड मागायला येतात.

बाकीच्या गोष्टी पटकन. बुक बँक असेल तर क्रमिक पुस्तकांचा संच अख्ख्या सत्रासाठी मिळतो. अर्ज लवकर करावा लागतो. जुन्या प्रश्नपत्रिकांची फाइल बहुतेक ठिकाणी असते, मागितल्याशिवाय कुणी काढत नाही. संदर्भ विभागातली पुस्तकं घरी नेता येत नाहीत, तिथंच बसून वाचायची. आणि त्यासाठी बसायला लागतं ते टेबल आम्ही अभ्यासिकेतच ठेवलंय, म्हणजे गोंधळ वाढवायला आमचाही हातभार आहेच.

एसी विचारणाऱ्या त्या वडिलांची मुलगी पुढे आमच्याकडेच आली. ओळखपत्रासाठी दोन फोटो आणि अनामत घेऊन खिडकीशी उभी होती, तेव्हा तिला पलीकडचं दार दाखवलं. "हे पण लायब्ररीच का?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "हो, आणि अनामतीची पावती सांभाळून ठेव. तीन वर्षांनी मागतो तेव्हा ती कुणाकडेच नसते."