ग्रहसंशोधनातील बिनतारी सेन्सर जाळे : ऊर्जाबचतीचे राउटिंग

ग्रहाच्या पृष्ठभागावर विखुरलेल्या छोट्या सेन्सर-नोडांची (मोजमाप करून ते रेडिओने पाठवणाऱ्या यंत्रांची) मोजमापे कमीत कमी बॅटरी खर्चून लँडरपर्यंत पोचावीत, यासाठी संदेशांची वाट ठरवण्याची पद्धत. तापमान किंवा कंपने मोजायला वीज थोडीच लागते. बॅटरी खाऊन टाकतो तो रेडिओ.

परभणीकडच्या शंभर मीटर लांबीच्या रानावर हा हिशेब मांडता येतो. अभ्यासात रूढ असलेल्या प्रतिमानात प्रत्येक बिट पाठवताना किंवा घेताना सर्किटला ५० नॅनोज्यूल लागतात. पाठवताना अंतराच्या वर्गाच्या पटीत वाढणारा खर्च वेगळा; शंभर मीटरला तो १,००० नॅनोज्यूल. या धुऱ्यावरून त्या धुऱ्याला थेट पाठवलेला बिट १,०५० नॅनोज्यूल घेतो. मधोमध एक नोड ठेवला तर ६५०, तीन समान टप्प्यांत सुमारे ५८३. दहा टप्पे केले की खर्च पुन्हा १,०५०! टप्पे वाढवले की बचत होतेच, असे नाही. (शेवटच्या धुऱ्यावर संदेश घेण्याचा खर्च यात धरलेला नाही.) खडक आडवे आले तर अंतराचा खर्च वर्गाहूनही वेगाने वाढतो.

हाइन्झेलमन, चंद्रकासन व बालकृष्णन यांनी २००० साली मांडलेल्या ‘लीच’ पद्धतीत नोडांचे गट पडतात, गटप्रमुख माहिती एकत्र करून पुढे धाडतो आणि प्रमुखपद पाळीपाळीने फिरते. मात्र प्रत्येक प्रमुखाचा आवाज थेट केंद्रापर्यंत पोचतो, हे तिथे गृहीत आहे. चंद्रावर हे गृहीतक लवकरच तुटते : एक मीटर उंचीच्या अँटेनाला सपाट जमिनीवरही क्षितिज १.९ किलोमीटरवरच लागते. २०२३ मध्ये प्रज्ञान रोव्हरही फक्त विक्रम लँडरशीच बोलत होता. पृथ्वीशी बोलण्याचे काम विक्रमकडे होते.

जालना जिल्ह्याच्या हद्दीपलीकडचे लोणार हे बेसाल्टमधील, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आघाती विवर. अशा विवराच्या तळातल्या नोडाला बाहेरचा नोड दिसत नाही. काठावर मध्यस्थ बसवावाच लागतो, आणि सगळ्यांचे संदेश वाहून आधी बॅटरी संपते ती त्याचीच. म्हणून सर्वांत स्वस्त वाटेपेक्षा या नोडाची उरलेली ऊर्जा पाहून, आळीपाळीने दोन-तीन मध्यस्थांतून जाणारी वाट बरी.

मराठवाड्याचे पठारही बेसाल्टचेच, चंद्रावरच्या काळ्या ‘सागरां’सारखे, म्हणजे तिथल्या लाव्हाच्या मैदानांसारखे. चाचणीसाठी ते सोयीचे, पण काळी माती भिजली की रेडिओलहरी शोषते. चांद्रधूळ कोरडी. त्यामुळे मातीत पुरलेल्या नोडाचा पावसाळ्यात मोजलेला पल्ला चंद्रासाठी धरता येत नाही. मे महिन्यातला त्यातल्या त्यात जवळचा.