प्रोफेशनल पोलिसिंगची पदवी आणि इंग्लंडमधली पोलीस भरती: अर्ज नेमका कुठे अडतो

इंग्लंड आणि वेल्समधल्या बऱ्याच विद्यापीठांत ‘प्रोफेशनल पोलिसिंग’ ही तीन वर्षांची पदवी शिकवतात. पदवी मिळाली म्हणजे भरती झाली, असं मात्र नाही. तिथल्या 43 प्रादेशिक दलांपैकी एखाद्याकडे वेगळा अर्ज करावा लागतो आणि सगळ्या चाचण्या द्याव्याच लागतात.

भारतातून जाऊ पाहणाऱ्यांनी एक गोष्ट फी भरण्याआधी समजून घ्या. विद्यार्थी व्हिसावर ही पदवी शिकता येते, पोलीस होता येत नाही. भारत राष्ट्रकुलात असल्याने भारतीय पासपोर्ट चालतो, पण तिथे राहण्यावर मुदतीचं बंधन नको, म्हणजे आयएलआर (इन्डेफिनिट लीव्ह टू रिमेन, बेमुदत राहण्याची परवानगी) हवा. शिक्षणानंतर मिळणारा ग्रॅज्युएट व्हिसाही मुदतीचाच, त्यामुळे तोही बाद. प्रवेश देताना हे कोणी ठळकपणे सांगत नाही आणि घरचे कर्ज काढून बसतात, याचा फार राग येतो. परत येऊन महाराष्ट्रात पोलीस शिपाई व्हायचं तर बारावी पुरते. तिथे या पदवीचा वेगळा लाभ नाही.

तिकडेच वाढलेल्या मराठी मुलांचे अर्ज वेगळ्या ठिकाणी अडकतात. अर्जाच्या लगेच आधीची साधारण तीन वर्षं ब्रिटनमध्ये सलग वास्तव्य लागतं, कारण त्याशिवाय पार्श्वभूमी तपासता येत नाही. भारतात आजीकडे वर्षभर राहून आला असाल तर दलाला आधीच विचारा. आईवडिलांचा किंवा तुमचा आयएलआरचा शिक्का जुन्या पासपोर्टात असेल तर ई-व्हिसा, म्हणजे त्या परवानगीची ऑनलाइन नोंद, काढून घ्या. ऐनवेळी धावपळ नको.

सगळ्यात जास्त दमवते ती व्हेटिंग, म्हणजे पार्श्वभूमीची पडताळणी. जवळच्या नातेवाइकांची आणि घरात राहणाऱ्यांची पूर्ण नावं, जन्मतारखा, पत्ते द्यावे लागतात. आपल्याकडे काकांची कागदावरची तारीख आणि खरी तारीख वेगळी असते. कागदावरची लिहा आणि सगळीकडे तीच ठेवा. थकलेली कर्जं, कोर्टाचे वसुलीचे आदेश, समाजमाध्यमांवरच्या पोस्ट, सगळं पाहतात. लहानपणी पोलिसांनी दिलेली ताकीदसुद्धा लिहा. किरकोळ बाबीतून वाट निघू शकते, लपवाछपवीतून जवळपास नाहीच.

अभ्यासक्रमाचं नावही नीट वाचा. कॉलेज ऑफ पोलिसिंग, म्हणजे तिथली पोलीस प्रशिक्षणाचे निकष ठरवणारी संस्था, तिचा परवाना असलेली पदवीच प्रोफेशनल पोलिसिंगच्या पदवीवरून थेट भरतीच्या मार्गासाठी धरतात. क्रिमिनॉलॉजीची (गुन्हेशास्त्राची) पदवी चांगली असली तरी ती घेतलेल्यांसाठी पदवीधरांचा दोन वर्षांचा वेगळा मार्ग आहे. आणि प्रत्येक दल प्रत्येक मार्गाने भरती करतंच असं नाही, म्हणून आपल्या दलाचं संकेतस्थळ पहिल्या वर्षापासून पाहत राहा.

बाकी टप्पे ठरलेले: ऑनलाइन मूल्यांकन, वैद्यकीय तपासणी, दृष्टी, आणि 5.4 पातळीपर्यंतची बीप टेस्ट (बीपच्या तालावर वाढत्या वेगाने धावायच्या फेऱ्या). अर्ज सतराव्या वर्षी करता येतो, नेमणूक अठरानंतर.

मुदतीचा घोळ पदवीनंतर होतो. पाच वर्षांच्या आत भरतीचा अर्ज केला नाही तर या थेट मार्गासाठी ती पदवी चालत नाही. मधे दुसरी नोकरी धरणाऱ्यांनी तारीख लिहून ठेवावी.

आणि फक्त पोलीसच व्हायचं असेल, पदवीची ओढ नसेल, तर 2024 पासून पदवीविना दोन वर्षांचा प्रवेशमार्गही खुला आहे. त्यात पहिल्या दिवसापासून पगार मिळतो.