कार्ड ३२० वॉटचं, सप्लाय ५५० वॉटचा, तरीही पीसी बंद का पडतो?

माझ्या मित्राने नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं आणि दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन आला. गेम सुरू केला की दहा-पंधरा मिनिटं सगळं झकास चालायचं आणि मग अचानक अंधार. हँग होणं नाही, निळी स्क्रीन नाही, एररचा मेसेज नाही. मागून कुणी प्लग उपटावा तसा अख्खा पीसी बंद. त्याने हिशेब करूनच कार्ड घेतलं होतं. कार्ड ३२० वॉट, प्रोसेसर पूर्ण ताणाखाली १२० वॉट, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंखे मिळून धरा ५०. बेरीज ४९०. पॉवर सप्लाय, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, ५५० वॉटचा. म्हणजे कागदावर ६० वॉट शिल्लकच होते.

बेरीज बरोबर होती, पण ती सरासरीची होती. पॉवर सप्लायचा कस लागतो तो एकेका क्षणाला.

ग्राफिक्स चिपमधले अब्जावधी ट्रान्झिस्टर फ्रेम, म्हणजे पडद्यावरचं एकेक चित्र, रंगवताना एकदम कामाला लागतात आणि पुढची फ्रेम येईपर्यंत जरा निवांत होतात. सेकंदाला १०० फ्रेम म्हणजे ही चढउतार दर १० मिलिसेकंदांनी. त्यात चिप स्वतःचा क्लॉक, म्हणजे कामाचा वेग, आणि व्होल्टेज सतत वरखाली करत असते. विजेची गरज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे व्होल्टेज थोडं चढलं तरी वॉट बरेच चढतात. कार्डावरची नियंत्रण यंत्रणा ३२० वॉटची मर्यादा पाळते खरी, पण ती सरासरी बघून. चढ लक्षात येऊन लगाम खेचेपर्यंत काही मिलिसेकंद जातात आणि तेवढ्यात कार्डाने मर्यादेच्या दीडपट वीज ओढलेलीही असते. ३२० चे ४८०. त्यात बाकीचे १७० मिळवले की ६५० वॉट. डोळ्यांची पापणी लवायलाही याच्या कितीतरी पट वेळ लागतो, पण सप्लायमधलं संरक्षण सर्किट त्याआधीच जागं होतं. प्रवाह हद्दीबाहेर गेलेला दिसला की ते सप्लाय बंद करतं. मित्राला वाटलं सप्लाय बिघडला. माझ्या मते त्याने आपलं काम चोख केलं होतं. हे संरक्षण नसलेला स्वस्त सप्लाय अशा वेळी जळू शकतो आणि जाताना कार्ड किंवा मदरबोर्डही घेऊन जातो.

खात्री करायला आम्ही एक सोपा प्रयोग केला. कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणली आणि फ्रेम रेटला ६० चं बंधन घातलं. दोन तास गेम चालला, एकदाही बंद पडला नाही. कार्ड ठणठणीत होतं, कमतरता विजेच्या पुरवठ्यात होती.

मग कॅबिनेटची बाजू उघडून सप्लायवरचं लेबल वाचलं. बहुतेक जण त्यावरचा सगळ्यात मोठा आकडा बघतात. बघायचा असतो १२ व्होल्टच्या रकान्यातला. सॉकेटमधून येणाऱ्या एसी विजेचं सप्लाय डीसीत रूपांतर करतो आणि ती १२, ५ आणि ३.३ व्होल्ट अशा वाटांनी पुढे पाठवतो. आजच्या पीसीत प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांची जवळजवळ सगळी भूक १२ व्होल्टवर भागते. मित्राच्या लेबलावर १२ व्होल्टसमोर ४२ अँपिअर लिहिलेलं होतं. १२ गुणिले ४२ म्हणजे ५०४ वॉट. म्हणजे ५५० हा आकडा सगळ्या वाटांचा मिळून होता आणि कार्डाला उपयोगी पडणारे वॉट त्याहून कमी होते. चांगल्या बनावटीच्या आधुनिक सप्लायमध्ये १२ व्होल्टचा आकडा एकूण आकड्याच्या अगदी जवळ असतो. हा एक गुणाकार दुकानात उभ्या उभ्या करता येतो, आणि दोन्ही आकड्यांत मोठी तफावत दिसली तर मी तो सप्लाय घेणार नाही.

क्षणिक झटक्यांचा हा प्रश्न इतका वाढला की मानकच बदलावं लागलं. पीसीच्या पॉवर सप्लायचा एटीएक्स आराखडा इंटेलने १९९५ मध्ये आणला. त्याची ३.० ही आवृत्ती २०२२ मध्ये आली आणि तिने ४५० वॉटच्या वरच्या, कार्डाला वीज देणारा नवा १६ पिनांचा कनेक्टर असलेल्या सप्लायसाठी एक कडक अट घातली: १०० मायक्रोसेकंदांपुरती आपल्या क्षमतेच्या दुप्पट वीज न अडखळता देता आली पाहिजे. ८५० वॉटचा असा सप्लाय क्षणभर १७०० वॉट सोसतो. त्यामुळे नवं कार्ड घेताना सप्लायही बदलणार असाल तर त्यावर एटीएक्स ३.० किंवा ३.१ लिहिलंय का ते मी पहिल्यांदा बघेन, '८० प्लस गोल्ड'चा सोनेरी बिल्ला नंतर.

कारण त्या बिल्ल्याबद्दल बराच गैरसमज आहे. २००४ मध्ये सुरू झालेलं '८० प्लस' प्रमाणपत्र मुख्यतः कार्यक्षमता मोजतं, म्हणजे भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती टक्के पीसीपर्यंत पोचली. पीसीला ४०० वॉट हवे असतील तर ९० टक्के कार्यक्षमतेचा सप्लाय भिंतीतून साधारण ४४४ वॉट घेतो, ८० टक्क्यांचा ५००. मधले ४४ किंवा १०० वॉट सप्लायच्या पोटात उष्णता होऊन बसतात आणि तिथल्या कपॅसिटरचं, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागांचं, आयुष्य खातात. तापमान १० अंशांनी उतरलं की या कपॅसिटरचं आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होतं. म्हणजे गोल्डचा फायदा खराच आहे. पण झटका आला तर व्होल्टेज किती स्थिर राहील, संरक्षण सर्किट आहे का, हे तो बिल्ला सांगत नाही. त्या मानाने कंपनी किती वर्षांची वॉरंटी देते यावरून आतल्या मालाचा अंदाज जास्त बरा येतो. आणि १००० वॉटचा सप्लाय घेतला म्हणून तो सतत १००० वॉट खेचत नाही. पीसी मागेल तेवढंच घेतो.

आता केबल. हा भाग लोक शेवटी उरकतात, आणि जळण्याचे प्रकार इथेच होतात. कार्डाला मदरबोर्डच्या स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात, ६ पिनांच्या कनेक्टरमधून आणखी ७५, ८ पिनांच्या कनेक्टरमधून १५०. १५० वॉट म्हणजे १२ व्होल्टवर १२.५ अँपिअर, तेही १२ व्होल्टच्या तीन तारांत वाटलेले, म्हणजे प्रत्येकी चारच्या आसपास. पिना याहून बरंच जास्त सोसतात, म्हणून हा जुना कनेक्टर वर्षानुवर्षं निर्धास्त चालला. पण एकाच केबलला दोन तोंडं असतील आणि दोन्ही कार्डात खोचली, तर ३०० वॉट त्याच तीन तारांतून जातात. प्रत्येकीत आठ अँपिअरहून जास्त. तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे प्रवाह दुप्पट तर उष्णता चौपट. कार्डाला दोन कनेक्टर लागत असतील तर सप्लायपासून दोन वेगळ्या केबल आणा.

नवा १६ पिनांचा कनेक्टर ६०० वॉटपर्यंत देतो. ५० अँपिअर, १२ व्होल्टच्या सहा पिनांत, म्हणजे प्रत्येकी ८.३, आणि पिनेची मर्यादा सव्वानऊ-साडेनऊची. इतकी कमी मोकळीक असेल तर एखादी पिन नीट बसली नाही की तिचा भार शेजारणींवर जातो आणि त्या तापतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०९० हे ग्राफिक्स कार्ड बाजारात आल्यावर वितळलेल्या कनेक्टरचे फोटो जगभर फिरले. प्लग पुरता आत न गेल्यामुळे हे झालं, असं कंपनीने त्यावर सांगितलं. पुढे सुधारित कनेक्टर आला. त्यातल्या चार बारीक संकेत-पिना आखूड केल्या आहेत, त्यामुळे प्लग अर्धवट बसला असेल तर त्या जोडल्याच जात नाहीत आणि कार्ड वीज घेत नाही.

मित्रासाठी आम्ही एटीएक्स ३.० चा ८५० वॉटचा सप्लाय निवडला. ३२० वॉटच्या कार्डाला ७५० नेही भागलं असतं, पण तो पुढे प्रोसेसरही बदलणार आहे. बसवताना तो म्हणाला, "जुन्या केबल छान बांधून ठेवल्यात रे, फक्त डबा बदलू." मी त्याचा हात धरला. केबलचं कार्डाकडचं टोक सगळीकडे सारखं असतं, सप्लायकडच्या टोकाला मात्र कुठलंच मानक नाही. प्लग हुबेहूब तसाच बसतो आणि १२ व्होल्टच्या जागी ग्राउंड, म्हणजे परतीची तार, येऊ शकतं. पहिल्यांदा बटण दाबताच ड्राइव्ह किंवा बोर्ड जातो. बांधलेल्या सगळ्या केबल आम्ही सोडवल्या, जुन्या सप्लायसोबत पिशवीत भरल्या आणि नव्या डब्यातल्या केबल ओवल्या. कार्डाचा प्लग त्याने खोचला, मी मोबाइलच्या टॉर्चने बाजूने पाहिलं. एक मिलिमीटरभर फट दिसत होती. त्याने पुन्हा अंगठ्याने दाबला, तेव्हा क्लिक आवाज आला.