विटेच्या पोटात कोंडलेले शिसे

पवना, मुळा आणि इंद्रायणी या नद्यांत जलपर्णी माजल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. ती यंत्रांनी काढली जाते आणि काठावर तिचे ढीग साचतात. जलपर्णी पाणी शुद्ध करते आणि काढून जाळली की प्रश्न मिटतो, असे दोन समज तिच्याविषयी आढळतात. पहिला अर्धाच खरा आहे. ही वनस्पती सांडपाण्यातील शिसे, कॅडमियम, क्रोमियम, तांबे आणि जस्त शोषून घेते व पानांपेक्षा मुळांत अधिक साठवते. पण ढीग काठावरच कुजला, तर ते धातू पावसाबरोबर पुन्हा नदीत उतरतात. दुसरा समज तर साफ चुकीचा आहे. अग्नी सारे काही शुद्ध करतो ही श्रद्धा कितीही जुनी असली, तरी धातू हे मूलद्रव्य आहे. ते जळून नाहीसे होत नाही, राखेत उरते किंवा धुराबरोबर हवेत जाते.

म्हणूनच अशी दूषित वनस्पती वाळवून, दळून, थोड्या प्रमाणात विटेच्या मातीत मिसळण्याची कल्पना मला मोलाची वाटते. वीटभट्टीवाले गाऱ्यात भाताचे तूस किंवा राख पूर्वीपासून मिसळत आले आहेत. वनस्पतीचा सेंद्रिय भाग विटेच्या आतच जळतो, इंधन वाचते आणि बहुतेक धातू मातीच्या सान्निध्यात राहतात.

खरी किमया पुढे घडते. चिकणमातीतील केओलिनाइटसारख्या खनिजांत सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांचे थर असून त्यांना हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या, जोडलेले असतात. साधारण ४५० ते ६०० अंश सेल्सिअसला हे गट वाफेच्या रूपाने निघून जातात व थरांची रचना मोडते. त्यानंतर वीट भिजली तरी तिचा चिखल होत नाही. तापमान ९०० अंशांच्या पुढे गेले की मातीतील पोटॅशियम, सोडियम आणि लोह यांच्यामुळे कणांच्या सांध्यांवर किंचित वितळण सुरू होते आणि थंड होताना त्याची काच बनते. भट्टीत अति भाजून काळ्या पडलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या खंगर विटांवर ही काच डोळ्यांना दिसते. शिसे या काचेच्या सिलिकॉन-ऑक्सिजन जाळ्यात रासायनिक बंधांनी बांधले जाते. जस्त, तांबे आणि निकेल हे ॲल्युमिनियम व लोहाच्या ऑक्साइडांशी संयोग पावून स्पिनेल नावाचे स्फटिक बनवतात. त्यातील जस्ताचा अणू चार ऑक्सिजन अणूंच्या मधोमध अडकलेला असतो आणि सौम्य आम्ल त्याला सहजासहजी सोडवू शकत नाही.

सगळेच धातू असे वश होत नाहीत. पारा ३५७ अंशांना आणि कॅडमियम ७६७ अंशांना उकळते. जलपर्णीच्या राखेत पोटॅशियम आणि क्लोरीन दोन्ही विपुल असतात: पोटॅशियम काच लवकर बनवते, तर क्लोरीन शिसे व कॅडमियम यांची बाष्पशील क्लोराइडे बनवून त्यांना धुराड्यातून बाहेर नेते. क्रोमियमची गोष्ट अधिक बिकट आहे. फारसे न विरघळणारे त्रिसंयुजी क्रोमियम चुना आणि हवा यांच्या सान्निध्यात तापले, तर पाण्यात विरघळणारे, कर्करोगकारक षट्संयुजी रूप घेते. आणि दख्खनच्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे सर्रास सापडतात.

धातू खरोखर अडकला का, हे पाहण्यासाठी वीट फोडून ९.५ मिलिमीटरपेक्षा बारीक केली जाते, तिच्या वजनाच्या वीसपट सौम्य ॲसिटिक आम्लाच्या द्रावणात सुमारे १८ तास घुसळली जाते आणि द्रावणातील धातू मोजले जातात. शिशासाठी मर्यादा लिटरमागे ५ मिलिग्रॅम, तर कॅडमियमसाठी १ मिलिग्रॅम आहे. षट्संयुजी क्रोमियम मात्र साध्या किंवा अल्कधर्मी पाण्यातही सहज सुटते, म्हणून त्याची चाचणी तशा पाण्यातही वेगळी घ्यावी लागते.

विटेची ही चाचणी उत्तीर्ण होताच ‘हरित वीट’ म्हणून तिची जाहिरात करणे मला मान्य नाही, कारण धुराड्यातून गेलेला धातू त्या चाचणीत दिसतच नाही. उघड्या गावठी भट्टीत बाहेरच्या विटा अर्धकच्च्या राहतात आणि धूर अडवण्याची सोयही नसते. हे काम तापमान सर्वत्र सारखे राखणाऱ्या व धूर गाळणाऱ्या भट्टीतच व्हायला हवे, आणि गाळणीत साचलेली धूळ घातक कचरा म्हणूनच हाताळायला हवी.